अस्वलाचा हक्क

मराठीत अस्वल म्हटले की पाठोपाठ दरवेशी येतोच. आमच्या पिढीने अस्वल जंगलात नव्हे, मोहल्ल्यात पाहिले. नाकात दोरी ओवलेले, डमरूवर नाचणारे. आया मुलांना त्याच्या पाठीवर बसवत. म्हणत, "बैठ, डर निकल जाता." त्याचा केस ताइतात घालून गळ्यात बांधत. दरवेशी आपल्यातलाच, कलंदर जमातीचा. पण त्याला कुणी शेजारी बसवून जेवू घातल्याचे मला आठवत नाही.

हे सारे आठवले ते अमेरिकेत, एका चर्चच्या शिबिरात. 2019 च्या जूनअखेरीस मी कॅलिफोर्नियात फ्रेस्नोला मुलाकडे होते. त्याची शेजारीण चर्चच्या मंडळींबरोबर शनिवार-रविवार योसेमिटीच्या जंगलात निघाली होती. मलाही चला म्हणाली. मुलगा बिचकला. डोक्यावर ओढणी घेतलेली अम्मी तीसेक ख्रिस्ती माणसांत, तंबूत, आणि त्यात अस्वलांचा मुलूख! मी म्हटले, "बेटा, सोलापुरात जन्मभर सगळ्यांच्याच मुलांना शिकवलं. माणसांची भीती मला नाही. अस्वलाचं बघू."

वावोना येथे नदीकाठी तंबू पडले. तिथे पहिले काम तंबूचे नाही, पेटीचे. प्रत्येक मुक्कामाला जाड लोखंडी पेटी असते आणि तिची कडी अस्वलाच्या पंजाला उघडत नाही. वास येणारी प्रत्येक वस्तू तिच्यात ठेवायची. माझे शामी कबाब, चपात्या आणि शेंगाचटणी गेली, त्याचे काही वाटले नाही. पण टूथपेस्ट, खोबरेल तेल आणि अत्तराची कुपीही गेली. त्यांच्या सामानात डुकराचे मांस होते. शेजारणीने काही न बोलता माझा डबा दुसऱ्या पेटीत, फळांबरोबर ठेवला. माझा तवाही तिने वेगळाच आणला होता.

रेंजर येऊन नियम सांगून गेला. अंधार पडल्यावर गाडीत बिस्किटाचा पुडाही ठेवायचा नाही. दंड पाच हजार डॉलरपर्यंत. मला वाटत होते, ही सारी काळजी आमच्या जिवाची. तो म्हणाला, अस्वलाच्या जिवाची. योसेमिटीत अस्वलाने माणूस मारल्याची नोंद नाही. पण माणसाच्या अन्नाची चटक लागलेले अस्वल पुन्हा पुन्हा येते, गाड्यांची दारे उचकटते, धीट होते आणि शेवटी कधी कधी त्याला मारावे लागते. 1998 साली तिथे अशा दीड हजारांहून अधिक घटना घडल्या. पेट्या वाढल्या, लोकांना शिकवले गेले, तसे हे प्रमाण नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आले. कुराणाने पशुपक्ष्यांनाही उम्मत म्हटले आहे, हे मी वर्गात कितीदा सांगितले असेल. त्याचा रोजच्या वागण्यातला अर्थ त्या पेटीपाशी कळला.

रात्री शेकोटीभोवती गिटारवर भजने झाली. मग कुणीतरी विचारले, "तुमच्याकडे अस्वलं आहेत?" विदर्भातल्या जंगलांविषयी बोलून मोकळे होता आले असते. दरवेशाचे सांगायचे तर आपल्या माणसांची क्रूरता परक्यांपुढे मांडायची, आणि मुसलमान शब्दाला या जगात आधीच काय काय चिकटवलेले! तरी सांगितले. आईला मारून पिल्लू कसे पळवत, तापलेल्या सुईने त्याचे नाक कसे टोचत, दात कसे पाडत. आणि हेही सांगितले की त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला अस्वलाइतकाच उपाशी माणूस होता. 1972 च्या कायद्याने खेळ बंद झाला, पण पोटाचा प्रश्न तसाच राहिला. पुढे 'वाइल्डलाइफ एसओएस' या संस्थेने सहाशेहून अधिक अस्वले सोडवली. शेवटचे 2009 च्या डिसेंबरात. तिने कलंदरांना दुसरा रोजगार मिळवून दिला, त्यांच्या मुलांना शाळेत घातले, तेव्हा कुठे दोरी सुटली. नुसत्या कायद्याने सुटली नव्हती.

क्षणभर कुणी बोलले नाही. मग एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "आमच्याकडे दोरी नव्हती, पण खेळ होताच." 1920 च्या दशकात याच योसेमिटीत संध्याकाळी दिवे लावून अस्वलांना उकिरड्यावर जेवू घालत आणि पर्यटक तो तमाशा पाहत. 1940 पर्यंत हे चालले. कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर ग्रिझली अस्वल आहे. राज्यातले खरे ग्रिझली मात्र शंभर वर्षांपूर्वीच माणसांनी संपवले. उरली ती काळी अस्वले, तीही बहुतेक तपकिरीच. त्यांनी हे सहज सांगितले, माझे पारडे हलके करण्यासाठी नव्हे. पण ते झाले.

फजरला उठले. तिथला किब्ला ईशान्येकडे. सलाम फेरून पाहते तो नदीपलीकडे एक तपकिरी अस्वल ओंडका उलथून किडे शोधत होते. नाक मोकळे, दोरी नाही. त्याने मान वर करून वास घेतला. आमच्याकडे त्याच्यासाठी काही नव्हते. ते झाडीत निघून गेले. मी कुणाला हाक मारली नाही.

रविवारी पाइन झाडांखाली त्यांची प्रार्थना झाली. मग लहानथोर सगळे ओणवे होऊन गवतातले कण वेचू लागले, मीही वेचले. एका मुलाला माझ्या चटईजवळ शेंगदाण्याचा तुकडा सापडला. त्याने तो बोटाच्या चिमटीत धरून कचऱ्याच्या लोखंडी डब्यापर्यंत नेला, आत टाकला आणि झाकणाची कडी नीट बसली का, ते ओढून पाहिले.