आमची डिझेल

पुण्याचा मामा दर दिवाळीला म्हणतो, "विकून टाका आता." २००९ ची डिझेल स्विफ्ट आहे आमची. २०२४ मध्ये पंधरा वर्षं भरली, तेव्हा तपासणी करून पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून आणली. बोरघाट अजून कुरकुर न करता चढते हो! फियाटचं १.३ लिटरचं इंजिन. टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. ऑइल वेळेवर बदलायचं आणि पनवेलच्या पावसात डिझेल फिल्टरमधलं पाणी काढायचं (हे बाबांनी शिकवलेलं), बस्स.

काळजी आहे ती वेगळीच. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ चे नियम लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. सुटे भाग अजून मिळतात. पण नुसत्या आवाजावरून इंजेक्टरचं दुखणं ओळखणारे आमचे मेकॅनिककाका साठीला आलेत, आणि मुलगा काही गॅरेजात बसायला तयार नाही.