सिल्यानकाठची हजेरी

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लेक्सांडमध्ये रात्र उरते ती केवळ घड्याळात. साडेदहाच्या सुमारास सूर्य टेकडीआड जातो खरा, पण जाताना उजेड न्यायला विसरतो आणि पहाटे साडेतीन-चारला परत येतो. मधल्या वेळात दिवा न लावताही समोरच्याचा चेहरा ओळखू येतो. ह्या गावाला उन्हाळ्याकडून मुळात हवं असतं ते एवढंच.

लेक्सांड हे स्वीडनच्या दालार्ना प्रांतातलं, सिल्यान सरोवराच्या दक्षिण टोकाचं गाव. ओस्तरदाल नदी सरोवरातून बाहेर पडते ती इथेच. वस्ती जेमतेम काही हजारांची. सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी ह्या प्रदेशावर अशनी कोसळला आणि पन्नासेक किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. युरोपात माहीत असलेलं सगळ्यात मोठं विवर ते हेच. सिल्यान आणि आजूबाजूची तळी त्याच्याच कडेच्या खोलगटीत साचलेली. आपण लोणारवाले, अशनीच्या तळ्याचं अप्रूप आपल्याला सांगायला नको. पण लोणारच्या काठावर उभं राहिलं की विवर या कडेपासून त्या कडेपर्यंत नजरेत मावतं. सिल्यानचं मावत नाही. त्याच्या कडेवर गावंच्या गावं वसली आहेत आणि बऱ्याच जणांना आपण विवराच्या काठावर चहाचं आधण ठेवतोय ह्याची दिवसभरात आठवणही होत नसेल.

पूर्वी ह्या पसरलेल्या वाड्यावस्त्यांना एकत्र आणायचं ते चर्चनं. रविवारी प्रार्थनेला जाणं सक्तीचं, आणि रस्त्यापेक्षा पाणी जवळचं. म्हणून वाडीवाडीची मिळून एक लांबलचक नाव असायची. दहा जोड्या वल्ही, वीस वल्हेकरी, मधल्या जागेत म्हातारेकोतारे, पोरंसोरं आणि बारशाची तान्ही. नाव कुणा एकाची नव्हे. डांबर लावायला सगळे, वल्हवायला सगळे. १६८६च्या चर्च-कायद्यानं पाद्र्यावर घरटी चौकशीचं काम टाकलं होतं आणि त्यातून जाडजूड नोंदवह्या तयार झाल्या. ह्या घरात कोण जन्मलं, कोण गेलं, कोण परगावी राहायला गेलं, कुणाला वाचता येतं, सगळं त्यांत. पण मला वाटतं, वहीच्या आधी हजेरी लागत असणार ती नावेतच. तिसऱ्या वल्ह्यावर आज दुसराच कोणी दिसला, की धक्क्यावर उभ्या असलेल्या बाईला सगळं कळून चुकत असेल.

सक्ती गेली, रस्ते झाले, मोटारी आल्या. नावा मात्र राहिल्या. आता उन्हाळ्यात त्यांच्या शर्यती लागतात. प्रत्येक नाव आपल्या वाडीचं नाव लावून पाण्यात उतरते. शेजारच्या रेत्विक गावी काठचं पाणी इतकं उथळ की वाफेच्या बोटींना किनाऱ्याला लागता यावं म्हणून १८९५मध्ये ६२८ मीटर लांबीचा लाकडी धक्का बांधावा लागला. त्याच्या टोकापर्यंत चालत गेलं की गाव मागे राहतं आणि तळं चारी बाजूंनी आपल्याला घेरतं. आज त्यावरून लोक रमतगमत जातात, हातात आइस्क्रीम. शर्यत लागली की काठावरून ओरडणाऱ्यांत सगळ्यात मोठा आवाज बहुतेक अशा माणसाचा असतो, ज्याचे गुडघे आता नावेत बसायच्या कामाचे राहिलेले नाहीत.

पण खरी हजेरी लागते ती मिडसमर ह्या ऐन उन्हाळ्यातल्या सणाच्या आदल्या दिवशी. १९५३पासून हा दिवस १९ ते २५ जूनच्या दरम्यान येणाऱ्या शुक्रवारी ठरलेला आहे. त्याआधी तो २३ जूनलाच असायचा. आठवडा सरत आला की स्टॉकहोम रिकामं होतं आणि आजोळच्या, पणजोबांच्या, कुणा मित्राच्या मित्राच्या लाल लाकडी घरांची कुलपं निघतात. सकाळपासून मिडसमरच्या उंच खांबासाठी माळा बांधायचं काम चालतं. भूर्जाच्या कोवळ्या डहाळ्या ढिगानं येऊन पडलेल्या असतात. भूर्जपत्रं देणाऱ्या आपल्या हिमालयातल्या झाडाचाच हा उत्तरेकडचा भाऊबंद. दोन-चार डहाळ्यांची जुडी करायची, दोरावर ठेवायची, सुतळीचे दोन वेढे, आणि पुढची जुडी अशी बसवायची की आधीच्या जुडीचे देठ तिच्याखाली झाकले जावेत. गजरा करणाऱ्या बाईला हे शिकवावं लागणार नाही; फरक एवढाच, की हा गजरा वीस-पंचवीस हात लांब आणि अंगठ्याएवढ्या जाड देठांचा. माझ्याशेजारी बसलेल्या आजींनी मी केलेली एक जुडी काही न बोलता सोडवली, पुन्हा बांधली आणि माझ्याकडे सुतळी परत सरकवली. बोटांना हिरवा, किंचित कडवट वास लागतो. पानांत रानातल्या पांढऱ्या डेझी, पिवळे बटरकप खोवले जातात. सजवलेल्या माळा नावेत चढतात, बरोबर रंगीत पेहरावातले फिडलवादक, आणि जुन्या रविवारांसारखीच वल्ही एका तालात पडत मिरवणूक नदीतून येते.

गावात एक हिरवीगार खोलगट जागा आहे, नैसर्गिक प्रेक्षागृहच म्हणा ना. तिच्या उतारांवर हजारो माणसं दाटीवाटीनं बसलेली. तळाशी खांब आडवा पडलेला. त्याला माळा, कडी, बाण चढतात आणि मग उचलणं सुरू होतं. शेंड्याशी बांधलेल्या काठ्यांच्या जोड्या, कात्रीसारख्या उघडणाऱ्या, खांबाखाली लावायच्या, एका दमात ढकलायचं आणि थांबायचं. पुढारी ओरडतो, सगळं मैदान त्याला ओ देतं आणि खांब हातभर वर जातो. आखूड काठ्या काढून लांब काठ्या लावतात. पुन्हा थांबतात. फिडली वाजत राहतात. खांब मध्येच डावीकडे झुकतो, उतारांवरून हजार तोंडांतून एकच आवाज निघतो आणि डाव्या बाजूचे गडी टाचा रोवून तो सावरतात. क्रेन लावली तर हे पाच मिनिटांचं काम. इथं त्याला कितीतरी वेळ लागतो आणि तो लागावा हीच सगळ्यांची इच्छा असते.

कोकणातला शिमगा पाहिलेल्या माणसाला हे नवं नाही. रानातून तोडलेलं झाड खांद्यांवरून नाचवत आणायचं, देवळापुढे शेकडो हातांनी होळी उभी करायची, आणि ती उभी राहताना मुंबईहून रजा टाकून आलेल्यांनीही खांदा द्यायचाच. दोन्हीकडे झाड निराळं, ऋतू निराळा, देवही निराळा. पण ह्या वर्षी कोण आलं आणि कोण आलं नाही, ह्याचा हिशेब दोन्हीकडे त्याच लाकडाखाली होतो.

ह्या सगळ्याला अनादी परंपरा म्हणून हात जोडावेत, तर इतिहास जरा आडवा येतो. खांब जुना आहे, पण त्याभोवतीचं बरंचसं वैभव विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर काही माणसांनी जाणूनबुजून सांभाळलं. चित्रकार आंडर्श सोर्न जवळच्या मूरा गावचा. त्यानं १८९७मध्ये मिडसमरच्या रात्रीचा नाच रंगवला आणि गावोगावचे फिडलवादक मागे पडताहेत, अ‍ॅकॉर्डियन त्यांची जागा घेतंय हे पाहून १९०६मध्ये गेसुंडाच्या डोंगरावर त्यांची स्पर्धा भरवली. लेक्सांडच्या बाजूला गुस्ताफ आंकारक्रूना हा चित्रकार लोकांच्या पेहरावाच्या, खांबाच्या, नाचांच्या मागे लागला होता. म्हणजे आज आपोआप चालत आलेलं वाटतं, त्यामागे कुणाची तरी काळजी आणि कुणाचा तरी हट्ट आहे. मला हे कळल्यावर उत्सवाची किंमत कमी झाली नाही, उलट वाढली.

आणि हट्टाला इथं अख्खा उन्हाळा पुरत नाही. आसपासच्या वाड्या आपापले खांब वेगवेगळ्या दिवशी उभारतात, अगदी जुलै लागेपर्यंत, म्हणजे शेजाऱ्यांना शेजाऱ्यांकडे जाता येतं. जुलैच्या पहिल्या बुधवारी बिंगशो नावाच्या एवढ्याशा खेड्यात वादकांचा मेळावा भरतो, १९६९पासून. मंच आहे, पण मजा मंचावर नाही. झाडाखाली, कुंपणाशी, मोटारीच्या उघड्या डिकीमागे दोन-तीन फिडली जमतात, एक जण सूर धरतो, येणारा उभ्याउभ्याच सामील होतो. लेक्सांडमध्ये रूने लिंडस्ट्रोमचं १९४१चं ‘हिमलास्पेलेत’ हे नाटक उघड्यावर होतं, गावातल्याच हौशी मंडळींकडून. चेटकीण ठरवून जाळलेल्या आपल्या वाग्दत्त वधूसाठी न्याय मागायला एक शेतकरी स्वर्गाची वाट चालू लागतो आणि वाटेत त्याला बायबलातली माणसं भेटतात ती दालार्नाच्याच कपड्यांत. देवबाप्पाच्या डोक्यावर चक्क उंच टोपी. दशावतारात पेटीवाल्याशी चेष्टा करणारा संकासुर पाहिलेल्यांना ह्यात काही वावगं वाटू नये. रेत्विकजवळ चुनखडीच्या बंद पडलेल्या खाणीत ऑपेरा होतात. दालहाल्ला नावाचा हा मंच १९९५मध्ये सुरू झाला. साठेक मीटर खोल खड्डा, तळाशी हिरवंनिळं पाणी, आणि चारी बाजूंनी आवाज परतवणाऱ्या भिंती. तो चुनखडक तिथे टिकला तोही त्या जुन्या अशनीच्याच कृपेनं.

सगळं गोडगोड आहे असं नाही. मिडसमरला पाऊस पडतोच, हा तिथला ठरलेला विनोद आणि बऱ्याचदा ठरलेला अनुभव. भिजल्या गवतावर ताटल्या घेऊन लोणच्यातला हेरिंग, शेपू घातलेले नवे बटाटे आणि स्ट्रॉबेरीचा केक संपवावा लागतो, तोवर डास आपलं जेवण उरकतात. पाहुण्यांची गर्दी इतकी, की गावकऱ्यांनाच गाडी लावायला जागा मिळत नाही. त्यांची कुरकुर ऐकू येते, आणि कुरकुर करणारेच दुपारी काठी धरून मैदानात दिसतात. खांब उभा राहिला की त्याच्याभोवती हात धरून कडं होतं, ते भरलं की बाहेर दुसरं, मग तिसरं. बेडकांसारख्या उड्या मारायचं गाणं लागलं की मोठी माणसंही लाज सोडून उकिडवी बसतात. हात कुणाचा, हे विचारायची पद्धत नाही.

पाद्र्याची वही सक्तीची होती. आता ती अभिलेखागारात आहे आणि आपले पूर्वज शोधणारे लोक ती चाळतात. नवी हजेरी ज्याची त्यानं लावायची. लग्न, नोकरी, शिक्षण ह्या वाटांनी माणसं लहान गावातून गळत जातात, सिल्यानकाठी काय किंवा कोकणात सावित्री नदीकाठी काय. उत्सव ती गळती थांबवू शकत नाही. पण यंदा काठी धरायला किती हात आले, गेल्या वर्षी म्हाताऱ्यानं धरलेल्या जागी त्याची नात उभी राहिली का, हे तो वर्षातून एकदा सगळ्यांदेखत विचारतो. ज्या गावात खांब उचलायला माणसं कमी पडायला लागतात, त्या गावाला जनगणनेची वाट पाहावी लागत नाही.