यादीतला क्रमांक

प्रतीक्षेत एक प्रकारचा गोडवा असतो, असे अलीकडे पुष्कळदा कानांवर येते. विशेषतः आमच्या वयाची मंडळी एकत्र बसली की टेलिफोनसाठी, गॅससाठी, स्कूटरसाठी घालवलेल्या वर्षांचा विषय निघतो आणि जो तो आपापल्या प्रतीक्षेची लांबी मोठ्या अभिमानाने सांगू लागतो. त्या काळी वस्तू उशिरा मिळे, पण मिळाली की तिचे मोल कळे, असा एकूण सूर असतो. या सुरात सूर मिसळणे मला कधी जमले नाही. आमच्या घराने एका स्कूटरसाठी सात वर्षे वाट पाहिली, आणि ती सात वर्षे मी जवळून पाहिली आहेत. त्यांत गोडवा नव्हता. मात्र त्यांत आणखी काहीतरी होते, ज्याची जाणीव मला अगदी गेल्या वर्षी झाली.

शहागड हे गोदावरीच्या उत्तर काठावरचे आमचे गाव. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगराहून, बीडकडे जाणारा हमरस्ता येथे नदी ओलांडतो. पूल संपला की गेवराई तालुका आणि बीड जिल्हा लागतो. १९८१ साली जालना जिल्हा निर्माण झाला तेव्हा अंबड तालुक्यासह आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातून जालन्यात गेलो. गाव होते तेथेच राहिले, फक्त कचेरीचा रस्ता बदलला. बाबा प्राथमिक शिक्षक होते. शाळा आडवळणाच्या वाडीवर, आणि रविवारी दुपारी आसपासच्या वस्त्यांवरील चार-दोन ख्रिस्ती कुटुंबांत प्रार्थनेसाठी जाण्याचा त्यांचा नेम. हे सारे सायकलीवर. आमची जमीन काळी, कापसाची. पाऊस पडला की चाकांना चिखल असा धरतो की सायकल माणसाला नेण्याऐवजी माणूसच सायकल खांद्यावर घेऊन चालतो. 'स्कूटर काय खांद्यावर घेणार आहात?' असे आई म्हणे. तिचे म्हणणे खरे होते, हे मला आजही मान्य आहे. पण बाबांनी १९७६ साली स्कूटर नोंदवली.

नोंदवली, हा शब्द आजच्या मुलांना नीट उलगडून सांगावा लागतो. त्या काळी पैसे असले तरी स्कूटर मिळत नसे. बजाज कंपनीला दुचाकी आणि तीनचाकी वाहने बनविण्याचा परवाना १९५९ साली मिळाला. पुढे इटलीच्या पियाजिओ कंपनीशी करार होऊन व्हेस्पा भारतात तयार होऊ लागली. तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव घेऊन 'चेतक' आली. थोड्याच वर्षांत साताऱ्याची 'प्रिया' आली. मागणी प्रचंड होती. परंतु कारखान्याने वर्षाला किती गाड्या बनवाव्यात हे ठरविणारा परवाना दिल्लीत मिळत असे आणि त्यात ठरवून दिलेल्या आकड्यापलीकडे उत्पादन करणे हा गुन्हा होता. आपल्या देशात माल कमी बनविणाऱ्याला नव्हे, तर जास्त बनविणाऱ्याला शिक्षेचे भय होते, हे वाक्य आज लिहितानाही विचित्र वाटते. स्कूटरच्या विक्रीवर आणि वाटपावर १९६० च्या आदेशापासून सरकारचे नियंत्रण होते. कंपनीने स्थापनेपासून एकूण एक लाख वाहने पूर्ण करण्यास १९७० साल उजाडले, आणि एका आर्थिक वर्षात एक लाखाचा आकडा गाठला तो १९७७ मध्ये. एवढ्या गाड्यांत सारा देश भागवायचा, तेव्हा शहागडच्या मास्तरांचा क्रमांक कधी लागावा?

रांग टाळण्याचा एक राजमार्ग होता. परकीय चलनात किंमत भरणाऱ्यास गाडी लवकर मिळे. ज्यांचे कोणी कुवेतला, बहारीनला होते त्यांच्या दारात स्कूटर झटकन उभी राहिली. वसईकडील वाचकांच्या घरांत अशा आठवणी असतील. आम्हां मराठवाड्याच्या लोकांना डॉलर पाठविणारे कोणी नव्हते. आम्ही रांगेतच राहिलो.

ठेवीची पावती आणि तीवर लिहिलेला क्रमांक, एवढाच त्या स्कूटरचा पुरावा. आईने तो कागद लोखंडी पेटीत, बाप्तिस्म्याच्या दाखल्यांच्या पुडक्यात ठेवला. वर्षातून एकदा, बहुधा दिवाळीच्या सुट्टीत, बाबा एस.टी.ने शहरात विक्रेत्याकडे जात. तेथे एक जाड वही असे. कारकून बोट ठेवून क्रमांक सांगे: या वर्षी इतके पुढे सरकलात. बाबा परत आले की पारावरची माणसे विचारीत, 'मास्तर, कुठवर आली?' जणू ती स्कूटर पुण्याहून निघून एकेक गाव मागे टाकीत पायी आमच्याकडे येत होती. चौथ्या वर्षी कारकून बदलला आणि नव्याला वहीच सापडेना; दोन खेटे वाया गेले. विक्रेत्याचे नाव आता सांगून उपयोग नाही. ती वही अखेर सापडली, आणि बाबांचा क्रमांक तीत होता, एवढे पुरे.

आगमनकाळ आला की या प्रतीक्षेची आणि त्या प्रतीक्षेची तुलना करण्याचा मोह आमच्या एका पाहुण्यांना नेहमी होई. बाबांना ते आवडत नसे. 'ते येणार हे ठाऊक आहे,' ते एकदा म्हणाले, 'हे येईल की नाही ते दिल्लीला ठाऊक.'

१९८३ मध्ये पत्र आले. देशभर नोंदणीचेच वर्ष होते ते. मारुती मोटारीसाठी त्याच वर्षी दहा हजार रुपये ठेव भरून सुमारे एक लाख पस्तीस हजार लोकांनी नावे घातली होती आणि पहिल्या गाडीची किल्ली डिसेंबरात खुद्द पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. आमच्या पत्राला कोणाचा हात लागला नव्हता; एका पोस्टकार्डावर टंकलिखित तीन ओळी. अमुक दिवसांत उरलेली रक्कम भरून गाडी घेऊन जावी.

त्याच महिन्यात ताईला परिचारिकेच्या प्रशिक्षणासाठी प्रवेश मिळाला. शुल्क, वसतिगृह, गणवेश, पुस्तके. ताईचे पैसे आणि गाडीचे पैसे ही दोन्ही एकाच पगारातून, एकाच पतपेढीच्या कर्जातून उभी राहावयाची होती, आणि ते अशक्य होते. येथवर ही साधी गोष्ट आहे. अनेक घरांत अशा वेळी स्कूटर मागे पडली असेल. परंतु पत्र आल्याची वार्ता पुलापलीकडे पोहोचली आणि तिसऱ्या दिवशी कापसाचा एक व्यापारी आमच्या ओट्यावर येऊन बसला. गाडीची सर्व रक्कम तो भरणार होता. वर बाबांना रोख तीन हजार रुपये देणार होता. नवी गाडी लगेच दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, असे त्याचे म्हणणे. तेव्हा काही काळ कागदोपत्री मालक बाबाच राहणार होते.

मी तेव्हा सोळा वर्षांचा होतो आणि दाराआड उभा राहून ऐकत होतो. मला राग आला तो व्यापाऱ्याचा नव्हे. तीन हजार रुपये कशाचे, हे मला समजेना. गाडी तर त्याच्याच पैशांची होती. मग बाबा विकत काय होते? पुष्कळ दिवसांनी लक्षात आले की ते आपली सात वर्षे विकत होते. आमच्या घरात शेत नव्हते, सोने जेमतेम होते. ज्याची किंमत दरवर्षी वाढत गेली असे आमच्यापाशी एकच काही होते: त्या वहीतला क्रमांक.

बाबांनी दोन दिवस मागून घेतले आणि ते धर्मग्रामाच्या फादरांकडे गेले. हे पाप आहे का, असे त्यांनी विचारले. फादर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, 'मुलीच्या प्रवेशाची शेवटची तारीख कोणती?' या उत्तराचा अर्थ आमच्या घरात पुढे दोन तऱ्हांनी लावला गेला. आई म्हणे, फादरांनी परवानगी दिली. बाबा म्हणत, त्यांनी परवानगी दिली नाही, ओझे उचलू लागले. माझ्यापुरते विचाराल तर तो काळाबाजारच होता. त्याला दुसरे नाव देण्याचे कारण मला दिसत नाही. पण टंचाई बाबांनी निर्माण केली नव्हती, आणि त्या टंचाईतून ताईचे शिक्षण निघाले, हेही तितकेच खरे.

व्यवहार झाला. पुढील दोन वर्षे शहागडच्या बाजारातून एक निळी स्कूटर ये-जा करी, जिच्या पुस्तकात मालक म्हणून बाबांचे नाव होते. पुलावर ती समोरून आली की बाबा सायकल कडेला घेत. व्यापारी माणूस सभ्य होता. तो हटकून थांबे आणि 'मास्तर, बसता का?' असे विचारी. बाबा नाही म्हणत. एकदाच, ताप असताना, ते मागे बसून घरी आले. त्या दिवशी ते आपल्या गाडीवर बसले होते, ही गंमत त्यांनी स्वतःच आम्हांला सांगितली आणि स्वतःच हसले.

आणि मग काळच बदलला. नव्या कंपन्यांना परवाने मिळाले. कायनेटिक-होंडा आणि एलएमएल व्हेस्पा रस्त्यांवर आल्या. १९८५ मध्ये आमच्याच मराठवाड्यात, औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा दुसरा मोठा कारखाना उभा राहिला. १९८६ साली कंपनीने वर्षाला पाच लाख वाहनांचा टप्पा गाठला. जेथे बाबा दिवाळीत वही पाहण्यास जात, त्या शहराच्या वेशीवर आता स्कूटरी तयार होऊ लागल्या. पुढच्या दहा वर्षांत दुकानात जावे आणि गाडी घेऊन यावे, असे दिवस आले. तीन हजारांचा क्रमांक आता तीन पैशांचाही राहिला नाही. बाबांनी चार-पाच वर्षे पत्र लांबवता आले असते तर ताईचे शिक्षण झाले नसते, आणि हाती रद्दी राहिली असती. नशीब म्हणा किंवा काही म्हणा, त्यांनी तो योग्य घटकेला विकला. स्वतः मात्र ते सायकलीवरच निवृत्त झाले. २००९ च्या डिसेंबरात बजाजने स्कूटरचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले, ती बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि वर्तमानपत्राची घडी घातली.

चेतक हे नाव जानेवारी २०२० मध्ये परत आले, ते विजेवर चालणाऱ्या गाडीवर. नोंदणीसाठी दोन हजार रुपये, आणि गाडी प्रथम पुणे व बंगळूर या दोनच शहरांत. मग कोविडची साथ आली. १३ एप्रिल २०२१ रोजी नोंदणी पुन्हा उघडली ती मागणीच्या रेट्यामुळे अठ्ठेचाळीस तासांत बंद करावी लागली. हे वाचले तेव्हा बाबा हयात नव्हते. मला मात्र ती जाड वही आठवली.

गेल्या वर्षी, २०२५ च्या जून महिन्यात, ताईच्या मुलीने विजेची स्कूटर नोंदवली. कोणत्या कंपनीची, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. ती आईसारखीच परिचारिका आहे, आमच्याकडे शहागडला राहते आणि वाड्यावस्त्यांवर लसीकरणासाठी हिंडते. रस्ते आता बरे आहेत. पैसे तिने भ्रमणध्वनीवरून भरले. क्षणात पावती आली, बारा आकडी क्रमांक आला आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख आली. ती तारीख पुढे गेली. मग पुन्हा पुढे गेली. चौकशी केली की यंत्र उत्तर देई, आपण आमच्यासाठी महत्त्वाचे आहात. अखेर विक्रेत्याकडील एका मुलाने खरे कारण सांगितले: मोटारीचे चुंबक अडले आहेत.

ते वृत्तपत्रांतही आले होते. या मोटारींच्या चुंबकांत दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये लागतात. डिस्प्रोसियम, टर्बियम अशी त्यांची नावे. मोटर तापली तरी चुंबकाची शक्ती टिकावी म्हणून ती मिसळतात. त्यांच्या शुद्धीकरणाचा जगातील बहुतेक व्यवहार चीनच्या हाती आहे, आणि ४ एप्रिल २०२५ रोजी चीनने अशा सात मूलद्रव्यांच्या व त्यांच्या चुंबकांच्या निर्यातीसाठी परवाना आवश्यक केला. भाचीने हे मला वाचून दाखविले तेव्हा मला हसू आवरेना. पुन्हा परवानाच! पंचेचाळीस वर्षांपूर्वी तो दिल्लीत अडला होता, आता बीजिंगमध्ये. शहागडची स्कूटर मात्र तेव्हाही अडली आणि आताही.

पण फरक होता, आणि तो माझ्या ध्यानात आणून दिला आईने. तिचे वय ब्याऐंशी. भाचीची गाडी दसऱ्यानंतर आली, उत्तम चालते, रात्री ओसरीत वायर लावून उभी असते. त्याबद्दल तक्रार नाही. ही गोष्ट त्याआधीची, भर पावसाळ्यातली. नदीला पाणी होते, वीज गेली होती. भाची कंदिलाशेजारी बसून पडद्यावर तोच संदेश पुन्हा पाहत होती. आई तिला रोज विचारी तसे तिने विचारले, 'कुठवर आली गं?' भाचीने क्रमांक दाखविला. आई बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहत राहिली.

'एवढा मोठा नंबर,' ती म्हणाली, 'कुणाला द्यायचा म्हटलं तर किती येतील?'

'आजी, हा विकता येत नाही. माझ्याच नावावर आहे.'

'बाबांचाही त्यांच्याच नावावर होता.'

'हा नाही विकता येत.'

आईने दिव्याची वात थोडी वर केली. 'मग,' ती म्हणाली, 'तुला दिला कशाला?'