खिडकीची जागा

आमच्या घरी कोणी पाहुणा येऊन माझ्या कॉम्प्युटरवर दोन घटका बसून गेला, की मागाहून माझी पहिली पाच मिनिटे खिडक्या सरकवण्यात जातात. ही मंडळी पडद्यावरची खिडकी एक तर भिंतभर पसरून ठेवतात, नाही तर उजव्या कोपऱ्यात ढकलून देतात. आमच्या सौ. म्हणतात, "अहो, अक्षरे तीच, मजकूर तोच, तो चार बोटे इकडे असला काय नि तिकडे असला काय!"

त्यांचे म्हणणे तर्काला धरून आहे. पण काचबिंदूने माझा उजवा डोळा नेला, आणि डाव्याचीही नाकाकडची बाजू अंधुक करून टाकली. त्यामुळे पडद्याची उजवी कड माझ्यापुरती नसल्यासारखीच. बरे, माझा व्यवसाय भाषांतराचा, आणि त्यातही औषधांच्या खोक्यात घडी घालून ठेवतात त्या माहितीपत्रकांचा. इंग्रजी माणूस 'नाही' हा शब्द वाक्याच्या आरंभीच सांगून मोकळा होतो. आपण मराठी माणसे तो अगदी शेवटी, म्हणजे उजवीकडे, राखून ठेवतो! 'हे औषध गरोदर स्त्रियांना देऊ नये' या वाक्यातले शेवटचे दोन अक्षरांचे 'नये' दिसले नाही, तर काय होईल ते वाचकांना सांगायला नको. तेव्हा माझी खिडकी पडद्याच्या डाव्या कडेला चिकटलेली हवी. रुंदी ऐंशी अक्षरे, उंची चाळीस ओळी. हा हट्ट नव्हे, पथ्य आहे.

मी लिहितो तो एडिटर ईमॅक्स नावाचा. (एडिटर म्हणजे येथे लिहिण्याचे साधन, संपादकमहाशयांनी गैरसमज करून घेऊ नये.) माझ्या भाच्याने तो मला शिकवला तो एवढ्याचसाठी, की घरच्या लिनक्सवर, कामाच्या ठिकाणच्या विंडोजवर आणि लेकीकडच्या मॅकवर, तिन्हीकडे तो सारखाच चालतो. आपल्या आवडीनिवडी एका फायलीत लिहाव्या, ती फाइल खिशात घालून न्यावी, की जिथे जाल तिथे आपले घर. खिडकी कोठे उघडावी आणि केवढी असावी, हेही तीत लिहिता येते.

निदान भाच्याने तसे सांगितले होते.

पहिली मौज मापाची. ईमॅक्स खिडकी अक्षरांनी आणि ओळींनी मोजतो. पडदा मात्र ठिपक्यांचा. मग टंक थोडा रुंद निघाला, की तीच ऐंशी अक्षरे एका यंत्रावर अर्धा पडदा व्यापतात, तर दुसऱ्यावर पाऊण. हे ऐंशी आले कोठून म्हणाल, तर 1928 साली आयबीएमने काढलेल्या भोकांच्या कार्डावर ऐंशी रकाने होते. कार्डे केव्हाच रद्दीत गेली. रकाने आमच्या मानेवर बसले ते बसलेच.

दुसरी मौज आरंभबिंदूची. विंडोजवर मोजणी डाव्या वरच्या कोपऱ्यापासून, खाली खाली. मॅकच्या पोटात मात्र ती डाव्या खालच्या कोपऱ्यापासून वर वर, आमच्या भूमितीच्या मास्तरांच्या आलेखासारखी. एडिटर लिहिणाऱ्याने ही उलथापालथ आपल्या आत मुकाट्याने करावी लागते. शिवाय विंडोज 10 पासून खिडकीच्या कडांना काही ठिपक्यांची न दिसणारी चौकट असते. त्यामुळे 'अगदी डावीकडे, शून्यावर' असे सांगूनही कडेला बारीकशी फट राहते. तिला पाहून पूर्वी माझे बोट शिवशिवत असे. आता सवय झाली.

पण खरा प्रश्न मापाचा नाही, मालकीचा आहे. जागा ठरवायची कोणी? विंडोजवर प्रोग्रामने रुमाल टाकला, की एस.टी.तल्यासारखी जागा त्याची. लिनक्सवरची जुनी व्यवस्था 1984 साली एमआयटीत सुरू झालेली, तिचे नाव एक्स. तीत प्रोग्राम विनंती करतो आणि खिडक्यांचा वेगळा कारभारी ती मान्य करतो, किंवा करत नाही. भोवतीची चौकट हा कारभारीच काढतो. म्हणून 'जागा' म्हणजे चौकटीचा कोपरा की आतल्या कागदाचा, याबद्दल दोघांत एकवाक्यता नसली, तर खिडकी दर उघडझापीत मथळ्याच्या पट्टीइतकी खाली घसरत जाते.

नवी व्यवस्था वेलँडची. ती 2008 साली सुरू झाली. येथे साध्या प्रोग्रामला आपली खिडकी पडद्यावर कोठे आहे हे विचारताच येत नाही, मग सांगणे तर दूरच! यजमान पाट दाखवील तेथे पंगतीत बसायचे. यामागे शहाणपण आहे, हे मी कबूल करतो. एका प्रोग्रामने दुसऱ्याच्या घरात डोकावू नये, खोटी खिडकी बरोबर खऱ्या खिडकीवर बसवून कोणाला फसवू नये, हा हेतू चांगलाच. पण माझ्या फायलीतली ती एक ओळ तेथे वाया गेली. रुंदी-उंची पाळली जाते, जागा नाही. आणि मला हवी होती ती नेमकी जागाच.

लक्षात ठेवणाऱ्यांचे तरी काय? दोन वर्षांमागे भाचा परीक्षेसाठी माझा दुसरा पडदा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी एक लहानसा एडिटर (हा ईमॅक्स नव्हे) उघडला, तर खिडकीच दिसेना! खालच्या पट्टीत नाव आहे, मजकूर शाबूत आहे, पण खिडकी मात्र भाच्याच्या खोलीत नेलेल्या पडद्यावर इमानाने उघडलेली. मी फोन केला.

"मामा, आल्ट आणि स्पेस दाबा, मग एम, मग बाण दाबत राहा."

दाबत राहिलो, आणि कड हळूहळू आत आली. विंडोजवर खिडकी मिटवून ठेवली, की तिची जागा उणे 32,000 ठिपके अशी सांगितली जाते. बंद होताना एखाद्या भोळ्या प्रोग्रामने तोच आकडा टिपून ठेवला, की पुढच्या खेपेस खिडकी गावाबाहेर! मिटवण्यापूर्वीची जागा विचारण्याची वेगळी सोय आहे, पण ती माहीत हवी. ईमॅक्समध्ये मागची मांडणी पुन्हा उभारताना पडद्याबाहेर पडलेल्या खिडक्या आत ओढून घेतात. 2014 सालच्या आवृत्तीपासून ही तरतूद आहे. ती करणाऱ्याचाही पडदा कोणी नेला असावा, असा माझा समज आहे.

हल्ली मी फायलीतून जागा काढून टाकली आहे. फक्त माप ठेवले आहे. जागा हाताने करतो. विंडोजवर त्या चौकोनी खुणेची कळ आणि डावा बाण दाबला, की खिडकी डाव्या अर्ध्यात जाऊन बसते. घरच्या लिनक्सवर नोम आहे, तेथेही तेच. मॅकवर 2024 सालच्या आवृत्तीपासून एफएन, कंट्रोल आणि डावा बाण. तीन घरांचे तीन यजमान, पण या खुणेला तिघेही ऐकतात.

आता उठले पाहिजे. उद्या सकाळी एका खोकल्याच्या औषधाचे पत्रक द्यायचे आहे. दोनच पाने आहेत, पण 'देऊ नये' सोळा वेळा आले आहे.