वेगळेपणाचे क्रियापद



इंग्रजीत 'इंडिव्हिज्युएट' असे एक भारदस्त क्रियापद आहे. आपल्या क्रमिक पुस्तकांत ते सहसा येत नाही. तत्त्वज्ञान, मानसशास्त्राच्या पुस्तकांत भेटते. एकाच जातीच्या अनेकांतून एखाद्याला 'हाच तो' असे वेगळे ओळखता येईल, असे करणे, हा त्याचा अर्थ. हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्यांच्याही बोटांचे ठसे निराळे असतात; म्हणजे ठसे त्यांना इंडिव्हिज्युएट करतात.

याचाच भाऊ 'इंडिव्हिज्युअलाइझ'. दोघांची गल्लत करू नका. भावाचा रोख ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणे बेतण्याकडे असतो. शिंप्याने मापाबरहुकूम गणवेश शिवला, ते काम भावाचे. आणि मैदानावर काढून ठेवलेल्या चाळीस सारख्या शर्टांतून आपला शर्ट कॉलरच्या आत आईने घातलेल्या लाल टाक्यावरून ओळखू येतो ना, ते काम आपल्या क्रियापदाचे!

मूळ शब्द लॅटिन. 'इंडिव्हिड्युअस' म्हणजे ज्याचे भाग पडत नाहीत असे. आपली 'व्यक्ती' मात्र व्यक्त होण्यावरून, प्रकट होण्यावरून आलेली. इंग्रजीचा शिक्षक असूनही सांगतो, मला आपला शब्द जास्त आवडतो.

हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच. पृथ्वीचे सगळे परमाणू जर सारखेच, तर एक परमाणू दुसऱ्याहून वेगळा कशाने? वैशेषिक दर्शनाने उत्तर दिले, प्रत्येकात त्याचा स्वतःचा 'विशेष' असतो. दर्शनाचे नावही त्यावरूनच पडले असे मानतात. आणि आपण? रस्त्यात कोणी भेटले की विचारतो, "काय विशेष?" उत्तर ठरलेले, "काही नाही!"

आता थोडे पालकांसाठी. एका पालकसभेत जुळ्या मुलींचे वडील भेटले. दोघींना इंग्रजीत 71 गुण. "सर, दोघी अगदी सारख्याच निघाल्या," ते समाधानाने म्हणाले. मी दोघींच्या निबंधाच्या वह्या त्यांच्यापुढे ठेवल्या. विषय एकच, 'माझे घर'. एकीचे स्पेलिंग कुठे चुकलेले नव्हते, पण निबंध गाइडमधला. दुसरीच्या पानावर लाल शाईच शाई. मात्र तिने आजीच्या खोलीबद्दल लिहिले होते, आजी गेल्यावर तिथला रेडिओ कोणी का लावत नाही याबद्दल. वडील वही घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसले. पुढचे दोन पालक भेटून गेले तरी ते उठले नव्हते.

71 हा आकडा त्या दोघींना इंडिव्हिज्युएट करत नाही. ते काम शेऱ्याने करायचे. पण प्रगतिपुस्तकात शेऱ्याचा रकाना जेमतेम एका ओळीचा. त्यात 'प्रगती समाधानकारक' एवढेच मावते, आणि ते निम्म्या वर्गाला चालते.

म्हणून विश्वस्त मंडळास नम्र विनंती, पुढच्या वर्षीची प्रगतिपुस्तके छापायला जातील तेव्हा हा रकाना चार ओळींचा करावा. भरण्याचे काम आम्हा शिक्षकांकडे.