साष्टीची फेरी

जोगेश्वरी पूर्वेला ज्या चाळीत मी वाढलो, तिथे आमच्या खोलीला मागची भिंत नव्हतीच. टेकडी फोडून जागा केलेली, त्यामुळे मागे थेट कातळ. पावसाळ्यात तो पाझरायचा, की आई खाली घमेलं ठेवायची. उन्हाळ्यात बाहेरच्या सपाट भागावर कुरडया घालायची. पन्नाशी आली तरी त्या कातळाचा याहून जास्त विचार मी केला नव्हता.

तो करायला लावला मॉरिशसने. शाळेपासूनचे आम्ही चौघे मित्र. तिकडे गाडी भाड्याने घ्यायची आणि ज्वालामुखीच्या त्या बेटाला किनाऱ्याकिनाऱ्याने फेरी मारायची, असा बेत होता. विमानाच्या तिकिटांचा आकडा आला आणि ग्रुपवर दोन दिवस कोणी चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी आमच्यातल्या भूगोलाच्या मास्तरने लिहिलं, ‘‘ज्वालामुखीचं बेटच बघायचंय ना? रविवारी सहाला हायवेवर या. पेट्रोल ज्याचं त्याने भरायचं.’’

बेट म्हणजे साष्टी. सहासष्ट गावांची म्हणून साष्टी. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेला भराव आणि पूल झाले, मुंबई चिकटली आणि आपण बेटावर राहतो हेच आपण विसरून गेलो.

दोन स्कूटर, चार म्हातारे होऊ घातलेले गडी. पहिला थांबा अंधेरीची गिल्बर्ट हिल. इमारतींच्या गर्दीत दोनेकशे फूट सरळसोट उभा काळा कडा, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. लहानपणी नवरात्रात पायऱ्या चढलो होतो, पण दगडाकडे कोण बघतो? मास्तरने बघायला लावलं. उभे खांब एकमेकांना खेटून बांधल्यासारखे. ‘‘तळं आटलं की चिखलाला भेगा पडतात ना, तसंच. लाव्हा थंड होताना आकसला, भेगा खोल गेल्या, खांब झाले. वय सहा कोटी वर्षांहून जास्त.’’ बँकेतला मित्र म्हणाला, ‘‘आणि खालचे फ्लॅट दोन कोटी.’’

वर्सोव्याच्या जेट्टीवर स्कूटरसकट होडीत चढलो. रस्त्याने मढ वीसेक किलोमीटर, पाण्यातून पाच मिनिटं. पुढे एरंगळला वाळूच्या काठावरचं पोर्तुगीज काळातलं चर्च, मग आक्सा, मग मार्वे. तिथून जवळच खारोडी. गेटवे ऑफ इंडियाचा पिवळसर दगड इथल्याच खाणीतला. ज्याच्यापुढे देशभरचे लोक फोटो काढतात, तो आमच्या मालाडचा!

मार्व्याहून पुन्हा होडी, आणि मनोरी. दिवसाचा सगळ्यात जास्त वेळ आम्ही इथे घालवला. ओहोटी होती. पाणी मागे गेलेलं, खडप उघडं पडलेलं. एक कोळीण मावशी उकिडवी बसून कालवं काढत होती. हातातल्या टोकदार लोखंडाने शिंपल्यावर एक ठोका, वरची वाटी उडाली, आतला करडा गोळा डब्यात. दुसरा ठोका, दुसरा गोळा. नजर दगडावर, तोंड शेजारणीशी चालू.

मास्तर खडपावर हात ठेवून सांगू लागला. हा बेसाल्ट नव्हे, ट्रॅकाइट. लाव्हाच, पण जातकुळी वेगळी. ‘‘आता मॉरिशसचं ऐका. जमिनीच्या खोल पोटात एक चूल आहे. चूल जागच्या जागी, वरचा तवा मात्र सरकत सरकत उत्तरेला आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी आपण तिच्यावर होतो, तेव्हा दख्खनचं पठार भाजून निघालं. मग लक्षद्वीप, मालदीवची रांग. मॉरिशस अगदी अलीकडचं, कोटभर वर्षांचंही नाही. आज चुलीवर त्याच्या शेजारचं रियुनियन बेट आहे, तिथला ज्वालामुखी अजून पेटतो. बहुतेक भूशास्त्रज्ञ हेच मानतात.’’

‘‘म्हणजे मॉरिशस आपल्याच चुलीवरचं?’’

‘‘आपल्यानंतर बऱ्याच वेळाने उतरलेलं.’’

हे ऐकत मी दोन पावलं मागे सरलो आणि शेवाळावरून पाय सटकला. गुडघा थेट कालवांच्या धारेवर. मावशीने मान वर न करता सांगितलं, ‘‘दादा, बघून चाला. आन् आता वर व्हा, भरती लागली.’’ खरंच, ज्या खळग्यात मघाशी खेकडा कोरड्यावर पळत होता, तिथे पाणी शिरलं होतं.

गोराईवरून उत्तनला आलो. रस्त्याकडेला बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते. दोघांचे जबडे एकमेकांत अडकवून दोरीवर टाकलेले, रांगच्या रांग. वर टेकाडावर धारावीचा किल्ला. 1739 मध्ये वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी तो घेतला. सुक्या बोंबलांची दोन पाकिटं डिकीत टाकली आणि भाईंदरमार्गे निघालो. घोडबंदरपासून ठाण्यापर्यंत ट्रकच ट्रक. समुद्र संपला, खाडी दिसेना, फक्त धूळ. मुलुंड, विक्रोळी, लिंक रोड, पवईचा तलाव आणि जोगेश्वरी. 88 किलोमीटर. फेरी पुरी.

चहा घ्यायला पाय आपोआप जुन्या चाळीकडे वळले. खोली आता दुसऱ्याची. बाहेर कातळाचा तो सपाट तुकडा अजून आहे. आता त्यावर कुणीतरी गोधडी वाळत घातली होती. संध्याकाळ झालेली, तरी दुपारचं ऊन त्यात शिल्लक होतं. दुखरा गुडघा सांभाळत मी टेकलो. मास्तर म्हणाला, ‘‘बघ, अजून कोमट आहे.’’

ते उन्हामुळे, हे त्यालाही ठाऊक होतं. पण मी वाद घातला नाही.