गार पाण्याचा रोग आणि आपले शेततळे



गाईने चारा सोडला तर आपण तिचे कान हाताला गार लागतात का ते पाहतो. पोर किरकिरले तर कपाळाला हात लावतो. मासा मात्र पाण्याखाली असतो. तो हंबरत नाही की कण्हत नाही. त्यामुळे तळ्यात मासे उलटे तरंगू लागले की घरची माणसे घाबरून जातात, आणि जो कोणी रोगाचे पहिले नाव सांगेल त्याचेच खरे मानतात. हल्ली असे नाव मोबाइलवरून येते. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी आलेले नाव होते 'थंड पाण्याचा जिवाणू रोग'.

माझे माहेर सिन्नरकडचे. धाकट्या भावाने शेततळ्यात रोहू, कटला आणि सायप्रिनस सोडले आहेत. मी राहते अंधेरीला, वर्सोव्याजवळ. 1961 साली मुंबईत स्थापन झालेली केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था इथेच आहे. ढवळ्याशेजारी पवळा बांधला म्हणजे गुण लागतोच, अशी माहेरच्या माणसांची समजूत. म्हणून माशांविषयीचा फोन मला येतो. भाऊ म्हणाला, "ताई, माशांच्या अंगावर पांढरे चट्टे आलेत, रोज पाच-सात मरतात. दुकानदार म्हणतो, थंडीचा रोग आहे, कॅप्सुली फोडून पाण्यात टाका. टाकू का?" मी म्हटले, "आज काही टाकू नकोस. आधी पाण्यात थर्मामीटर घाल, आणि चार आजारी मासे जिवंतपणी मत्स्य अधिकाऱ्यांना दाखव."

आता तुम्ही विचाराल, थर्मामीटर कशाला? तर त्याचे उत्तर या रोगाच्या नावातच आहे.

थंड पाण्याचा जिवाणू रोग खराच आहे, पण तो मुख्यतः ट्राउट आणि सामन या गार पाण्यातल्या माशांचा. अमेरिकेत 1940 च्या दशकात त्याची ओळख पटली. पाणी साधारण 15-16 अंशांच्या खाली गेले की तो जोर धरतो. बारक्या पिलांना त्याचा मोठा तडाखा बसतो. शेपटीच्या बुडाशी कातडी झडते, मांस कुजते, कधी कधी पाठीच्या कण्याचे टोकही उघडे पडते. वाचलेला मासा पुष्कळदा वाकडा होतो किंवा गिरक्या घेत पोहतो. हा जिवाणू अंड्यातूनही पुढच्या पिढीत जातो. काश्मीर, हिमाचल किंवा निलगिरीत ट्राउट पाळणाऱ्याला याची काळजी हवी.

आपल्याकडे ट्राउट नाहीत. आपल्या रोहू-कटल्याला त्रास देतो तो याच जिवाणूचा भाऊबंद. त्याच्या रोगाला कॉलमनॅरिस म्हणतात. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर काम करताना डेव्हिस नावाच्या शास्त्रज्ञाने 1922 साली त्याचे वर्णन केले. गंमत अशी, की या भावाला ऊब लागते. पाणी 25 अंशांच्या वर गेले, मासे दाटीने झाले, प्राणवायू कमी पडला की तो उचल खातो. कल्ल्यांवर पिवळट-पांढरे डाग पडतात, पाठीवर खोगीर घातल्यासारखा फिकट पट्टा दिसतो. म्हणजे एकाच घराण्यातले दोघे. एकाचा हंगाम गारठ्याचा, दुसऱ्याचा उन्हाळ्याचा.

भावाच्या तळ्यात पाणी निघाले सकाळी 19 अंश आणि दुपारी 23. गार पाण्याच्या रोगाला ते गार नव्हते, आणि भाऊबंदाला पुरेसे उबदारही नव्हते. मासे तपासल्यावर उलगडा झाला. आठ दिवसांपूर्वी वजन पाहण्यासाठी भल्या पहाटे जाळे ओढले होते. गारठलेल्या माशांची खवले निघाली, अंगावरची बुळबुळी खरवडली गेली. ही बुळबुळी म्हणजे माशाचे चिलखत. ते फाटले तिथे कापसासारखी बुरशी बसली. चट्टे होते ते बुरशीचे. कॅप्सुलीतले औषध जिवाणूंवरचे. बुरशीला त्याने काहीही झाले नसते. पैसे गेले असते, माशांच्या अंगात औषध उतरले असते, आणि त्याच तळ्याचे पाणी भाऊ भाजीला देतो! शिवाय असे औषध वरचेवर वापरले की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, मग खऱ्या रोगाच्या वेळी हाती काही उरत नाही.

जाळे थांबवले, मेलेले मासे रोज काढून पुरले, थोडे पाणी बदलले, खाद्य कमी केले, अधिकाऱ्यांनी सांगितलेला उपचार केला. दहा-बारा दिवसांत मर थांबली.

यातून घरोघरी करण्यासारख्या काही गोष्टी सांगते. तळ्यावर एक थर्मामीटर ठेवावा आणि सकाळ-दुपारचा आकडा वहीत लिहावा. हे काम शाळेतले मूलही आवडीने करते. कडाक्याच्या थंडीत जाळे ओढू नये, अगदीच गरज पडली तर ऊन वर आल्यावर ओढावे. गार पाण्यात मासा कमी खातो, तेव्हा उरलेले खाद्य तळाशी कुजू देऊ नये. बोटुकली आणल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटे तळ्यात तरंगत ठेवावी, मग तळ्याचे पाणी थोडेथोडे आत घेऊन पिले सोडावीत.

बाजारात मासळी घेताना बायका अंगठ्याने कल्ला उघडून पाहतात. मासा ताजा असेल तर कल्ला लालभडक दिसतो. तीच नजर तळ्यातल्या जिवंत माशासाठी वापरावी. हात ओले करून मासा अलगद धरावा, कल्ला पाहावा, लगेच सोडावा. कल्ला फिका किंवा डागाळलेला दिसला तर मर लागण्याची वाट पाहू नये.

आणि मासा तपासायला न्यायचा तर मेलेला नेऊ नये. मेल्यावर काही तासांतच कुजवणारे जिवाणू त्याचा ताबा घेतात आणि मूळ रोग हाती लागत नाही. आजारी पण जिवंत मासा प्राणवायू भरलेल्या पिशवीत न्यावा. बरोबर तळ्याचे पाणी बाटलीत घ्यावे आणि ती आकड्यांची वहीही न्यावी.